चोवीस तासांची बाई : घरशुश्रूषेच्या धंद्याचा हिशेब



संघटनेच्या माणसाला धंदा कसा काढावा या विषयावर बोलायला बोलावणे म्हणजे उंदराला मांजराच्या संगोपनावर बोलायला सांगण्यासारखे आहे. तरीही मी हे आमंत्रण आनंदाने घेतले. गेली तीस वर्षे मी कंत्राटी कामगारांत वावरतो आहे. शाळा दहावीला सुटली. पुढे हजेरीपट, पगारपत्रक आणि मुकादमाची वही हीच माझी पाठ्यपुस्तके झाली. गेल्या काही वर्षांत आमच्या कचेरीत एका निराळ्या प्रकारची बाई तक्रार घेऊन येऊ लागली. ती कारखान्यातली नसते आणि धुणेभांडी करणारीही नसते. ‘मी पेशंटची बाई आहे,’ असे ती सांगते. तिचा मालक कोण, हे तिलाही धड ठाऊक नसते. तिची गाऱ्हाणी सोडवताना तिला कामावर पाठवणाऱ्याचा हिशेबही मला मांडावा लागला, आणि तो मांडल्यावर असे दिसले की, हा धंदा प्रामाणिकपणे करता येतो. मात्र आज तो ज्या रीतीने चालतो त्या रीतीने नव्हे.

प्रथम या कामाची हद्द पाहू. आंघोळ घालणे किंवा अंग पुसून देणे, कमोडच्या खुर्चीवर नेऊन बसवणे, डायपर बदलणे, घास भरवणे, हाताला धरून चार पावले चालवणे, अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलणे, गोळ्यांची वेळ झाली की डबी पुढे करणे, आणि यांपैकी काहीच नको असेल तेव्हा नुसते जवळ बसून राहणे, एवढे हे काम आहे. इंजेक्शन, सलाईन, लघवीची नळी घालणे, नाकातल्या नळीतून अन्न देणे, जखमेची मलमपट्टी ही परिचारिकेची कामे; आणि परिचारिका म्हणजे महाराष्ट्रात १९६६ च्या कायद्याप्रमाणे जिची परिषदेकडे नोंदणी झाली आहे ती. ही रेषा पुसण्याचा मोह फार मोठा असतो. घरचे म्हणतात, ‘मावशी, एवढे इन्शुलिन टोचून टाका’. ब्यूरोवाला म्हणतो, ‘शिकून घ्या, शंभर रुपये जास्त देतो.’ काही विपरीत घडले तर मात्र पोलीस ठाण्यात बसावे लागते ते मावशीला. ज्याला हा धंदा काढायचा आहे त्याने ‘ही बाई हे करणार नाही’ अशी यादी पहिल्या दिवशी छापून घरच्यांच्या हाती द्यावी. गिऱ्हाईक त्याने तुटत नाही, उलट त्याचा विश्वास बसतो.

गिऱ्हाइकांची या धंद्याला वाण नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीच्या पुढची माणसे सुमारे १ कोटी ११ लाख, म्हणजे शेकडा ९.९ होती. मुलगा बंगळूरला, मुलगी न्यू जर्सीत आणि आईवडील दुसऱ्या मजल्यावर, हे चित्र मी तुम्हाला रंगवून सांगायला नको. या मंडपातल्या निम्म्या घरांचे ते आहे. पूर्वी हे काम फुकट होत होते. ते सून करी, लेक करी, विधवा आत्या करी. त्याची मजुरी कोणी मोजलीच नव्हती, त्यामुळे आज ती मोजायची वेळ आली की आपल्याला ती अवाच्या सवा वाटते.

आता व्यवहार कसा चालतो तो पाहा. एक खोली, एक टेबल, दोन मोबाइल आणि चाळीस-पन्नास बायकांची नावे असलेली वही, एवढ्यावर ब्यूरो उभा राहतो. घरच्यांकडून तो डिपॉझिट घेतो, महिन्याची रक्कम आगाऊ घेतो आणि तिच्यातले कमिशन कापून उरलेले पैसे बाईला देतो. बाई मध्येच निघून जाऊ नये म्हणून तिचा पहिला पंधरवड्याचा पगार अडकवून ठेवतो. काही ठिकाणी तिचे मूळ कागदपत्रही ठेवून घेतात, जे सर्वथा गैर आहे. बाई आजारी पडली तर खाडा. पेशंट इस्पितळात गेला तरीही खाडा. तिचा मालक कोण असे विचारले की ब्यूरो घराकडे बोट दाखवतो आणि घर ब्यूरोकडे. कारखान्याच्या फाटकावर लेबर कंत्राटदार जे करतो तेच हे आहे. फरक इतकाच की, फाटकावर शंभर माणसे एकत्र असतात, आणि ही बाई चार भिंतींच्या आत एकटी असते.

कायद्याची गंमत पाहा. आपल्या सोसायटीच्या दाराबाहेर जो पहारेकरी बसतो त्याला पुरवणाऱ्या एजन्सीला २००५ च्या केंद्रीय कायद्याने परवाना लागतो, पहारेकऱ्याला शिक्षण द्यावे लागते. दाराच्या आत जाऊन तुमच्या आईला उचलून आंघोळीला नेणाऱ्या बाईच्या एजन्सीसाठी तसा खास कायदा महाराष्ट्रात अद्याप नाही. घरेलू कामगारांसाठी राज्याने २००८ साली कायदा करून मंडळ दिले. पण ते कल्याणाचे मंडळ आहे, वेतनाचे नव्हे. हमालांसाठी १९६९ च्या माथाडी कायद्याने जशी मंडळाच्या हातून मजुरी मिळण्याची सोय केली तशी या बाईसाठी व्हावी असे माझे मत आहे. परंतु ते होईपर्यंत धंदा काढणाऱ्याचे हात कोणी बांधलेले नाहीत. तो आजही तिला आपली कामगार म्हणून हजेरीपटावर घेऊ शकतो.

घेतले तर किती खर्च येतो? आकडे मी उदाहरणादाखल धरतो. तुमच्या गावचा दर घालून तुम्ही ते बदला.

आठ तासांच्या ड्यूटीला ६०० रुपये मजुरी धरा. घराला सेवा महिन्याचे तीसही दिवस हवी असते. बाई २६ दिवस येईल आणि उरलेले चार दिवस बदली बाई येईल. पण मजुरी तीस ड्यूट्यांची द्यावी लागणार, म्हणजे १८,००० रुपये. दहा किंवा अधिक माणसे कामावर असली आणि पगार २१,००० च्या आत असला की राज्य विमा योजना लागू होते. तिच्यात मालकाचा वाटा शेकडा सव्वातीन, म्हणजे ५८५ रुपये, आणि बाईचा पाऊण टक्का तिच्या पगारातून. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यात वर्षाला आठ किरकोळ रजा, आठ सणांच्या भरपगारी सुट्या आणि दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवसाची हक्काची रजा आहे. महिन्याला हे सुमारे पावणेतीन दिवस, म्हणजे सोळाशे रुपयांच्या आसपास. बेरीज २०,२०० च्या जवळ गेली. देखरेख करणारी बाई, फोन, गाडीभाडे, हातमोजे आणि साबण, दोन घरांच्या मधल्या रिकाम्या दिवसांचा पगार आणि काढणाऱ्याचा नफा मिळून ४,८०० धरा. एकूण २५,०००. माणसे वीस झाली की भविष्यनिर्वाह निधीचे आणखी सुमारे दोन-सव्वादोन हजार वाढतील.

हे आठ तासांचे झाले. चोवीस तासांना तिप्पट, म्हणजे ७५,०००. दुसऱ्या रीतीने मोजा. आठवड्याचे तास १६८. एका कामगाराचे कायद्याचे तास ४८. भागाकार साडेतीन येतो. एका अंथरुणाला चोवीस तास जपायला साडेतीन माणसे लागतात. त्यातून सुटका नाही.

परंतु बाजारात ‘चोवीस तासांची बाई’ याच्या निम्म्याहूनही कमी पैशांत मिळते. ती कशी मिळते? ब्यूरोवाल्यापाशी काही जादू नाही. साडेतीन माणसांचे काम एका बाईच्या अंगावर टाकलेले असते, आणि तिच्या रात्रीला ‘झोप’ असे नाव दिलेले असते. ती पलंगाशेजारी फरशीवर पथारी टाकून पडते, आजी तीनदा हाक मारतात, ती तीनदा उठते, आणि सकाळी घरचे म्हणतात, ‘रात्री काही विशेष नव्हते.’ ज्याला हव्या त्या क्षणी उठवता येते तो झोपलेला नव्हे, कामावर हजर असलेला माणूस आहे, ही गोष्ट आगीचा बंब चालवणाऱ्यांच्या बाबतीत आपण मानतो. बाईच्या बाबतीत मानत नाही.

हा प्रश्न काही आपल्याच गावचा नाही. अमेरिकेत १९७४ साली घरकामगारांना किमान वेतनाच्या कायद्याखाली आणताना ‘सोबत करणाऱ्या’ माणसांना वगळण्यात आले. हेतू होता शेजारची मुलगी तासभर आजोबांपाशी बसते तिला वगळण्याचा. पण पुढे लाखो शुश्रूषा-कामगार त्या एका शब्दाखाली गाडले गेले. एव्हलिन कोक नावाच्या न्यूयॉर्कच्या बाईने वीस वर्षे हे काम केले, कधी चोवीस चोवीस तास, जादा वेळेच्या मजुरीशिवाय. तिने दावा लावला. २००७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तिच्याविरुद्ध निकाल दिला. २००९ साली ती वारली. २०१३ साली सरकारने नियम बदलला, त्याचा अंमल २०१५ पासून झाला, आणि २०२५ साली तो बदल मागे घेण्याचा प्रस्ताव तिथल्या कामगार खात्याने मांडला. ‘सोबत’ या गोड शब्दाची ही करामत आहे. आपल्याकडचा ‘घरच्यासारखी’ हा शब्द त्याचाच मावसभाऊ समजा.

त्याच शहराच्या ब्राँक्स भागात १९८५ साली बारा कामगारांनिशी शुश्रूषा-कामगारांची एक सहकारी संस्था निघाली. तीत बाया स्वतःच भागधारक झाल्या, शिक्षण फुकट मिळाले, आणि पुढे सुमारे दोन हजार माणसे तीत काम करू लागली. ही गोष्ट ऐकली की आपले कार्यकर्ते लगेच सहकाराचा फॉर्म भरायला धावतात. जरा थांबा. तिथे बहुतेक गिऱ्हाइकांचे पैसे सरकारी आरोग्य योजनेतून येतात. आपल्याकडे ते मुलाच्या खिशातून किंवा पेन्शनीतून येतात. तो उत्तराचा मोठा भाग आपल्यापाशी नाही. सहकारी संस्था आपल्या १९६० च्या कायद्याखाली दहा वेगवेगळ्या कुटुंबांतल्या दहा माणसांना काढता येते, आणि ज्या बायकांना वही वाचता येते त्यांनी ती जरूर काढावी. पण ‘सहकारी’ पाटीखाली पुढाऱ्याची मुकादमी मी पुष्कळ पाहिली आहे. पाटी कोणतीही असो, मी आधी हजेरीपट मागतो.

मग पंच्याहत्तर हजार न परवडणाऱ्या पेन्शनराने काय करावे? इथेच धंद्याचा खरा मार्ग सापडतो. बहुतेक म्हाताऱ्या माणसांना चोवीस तास बाई लागतच नाही. त्यांना हात लागतो तो सकाळी उठणे, संडास, आंघोळ, न्याहारी या दीड तासाला, दुपारी जेवणाला, आणि रात्री अंथरुणावर पडताना. मधल्या वेळात बाई खुर्चीवर बसून असते किंवा घरचे तिच्याकडून भाजी निवडून घेतात. तेव्हा चोवीस तास विकण्याऐवजी फेरी विकावी. एकाच पेठेतली, एकमेकांपासून पायी दहा मिनिटांच्या आतली चार घरे घ्यावीत. प्रत्येक घरी दीड तास, म्हणजे सहा तास झाले. उरलेले दोन तास चालणे, चहा, जेवण आणि नोंदवही यांना. चालण्याचा वेळ हा कामाचाच वेळ धरायचा, हे इथे ठासून सांगतो, कारण फेरीच्या धंद्यात पहिली चोरी त्याचीच होते.

एका बाईच्या ड्यूटीचे २५,००० रुपये चार घरांत वाटले तर घरटी ६,२५० पडतात. पण एखादे घर नेहमी रिकामे राहणारच. म्हणून दर सात हजार ठेवावा. चार घरे असतील त्या महिन्यात तीन हजार शिल्लक पडतील, तीनच असतील त्या महिन्यात चार हजारांची तूट येईल. म्हणजे चार भरलेले महिने तीन रिकाम्या महिन्यांना पुरतात. घर रिकामे झाले म्हणून बाईची मजुरी कापायची नाही, एवढ्यासाठीच हा वरचा पैसा आहे.

यात अडचण एकच, पण ती मोठी आहे. सगळ्यांनाच आंघोळ सकाळी सातला हवी असते. संध्या-पूजेचा काळ, पाण्याची वेळ, सवय, कारणे सगळी खरी आहेत. पण चार घरांत एकच सात वाजतात. त्याला उपाय दराचा: सातच्या फेरीला जास्त, अकराच्या फेरीला कमी. माझा अनुभव असा की, पाचशे रुपयांचा फरक सांगितला की पुष्कळ आजोबांचे स्नान आपोआप अकरावर सरकते.

स्मृतिभ्रंश झालेला किंवा पूर्ण अंथरुणाला खिळलेला माणूस असेल तर फेरीने भागत नाही, हे उघड आहे. तिथे एक पाळी घरच्यांनी उचलावी आणि दोन विकत घ्याव्यात. रात्रीची पाळी वेगळ्या बाईची, जागरणाची, पूर्ण मजुरीची. २०१७ च्या कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात बाईला कामावर ठेवायचे तर तिची संमती आणि तिच्या येण्याजाण्याची सुरक्षित व्यवस्था हवी. तिला रात्री साडेनऊला ‘रिक्षाने या’ म्हणून चालत नाही. रिक्षाचे भाडे करारात लिहावे लागते.

बायका निवडताना शिक्षणाचा दाखला मी शेवटी पाहीन. जिने स्वतःच्या घरी सासू-सासऱ्यांचे अंथरूण काढले आहे तिला निम्मे काम येते. उरलेले पंधरा दिवसांत शिकवता येते. उचलताना कंबर वाकवू नये, गुडघे वाकवावेत. वजनदार माणसाला एकटीने उचलूच नये. भरवताना माणूस सरळ बसलेला हवा, घास लहान, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नये, नाहीतर अन्न श्वासनलिकेत जाते. आंघोळीनंतर टाचा, माकडहाड आणि कुल्ले रोज पाहावेत. लाल डाग दिसला आणि दाबला तरी फिका पडेना, तर शय्याव्रणाची ती पहिली खूण आहे, त्याच दिवशी कळवावे. म्हातारी माणसे पडतात ती बहुधा रात्री संडासला उठताना. म्हणून रात्री दिवा, ओल्या फरशीवर पायपुसणे नको, आणि वॉकर हाताच्या अंतरावर. हे शिकवायला एखादी निवृत्त परिचारिका आनंदाने येते. शिक्षणाच्या पंधरा दिवसांची मजुरी द्यायची आणि ‘ब’ काविळीची लस आपल्या खर्चाने टोचायची.

शुश्रूषेइतक्याच महत्त्वाच्या काही गोष्टी घराच्या रीतीच्या आहेत, आणि त्या कागदावर असल्या पाहिजेत. बाईने घरातला संडास वापरायचा, हे मी मुद्दाम लिहून घ्यायला सांगतो. दुसऱ्याचे मलमूत्र जिने काढायचे तिने स्वतःसाठी मात्र कोपऱ्यावरच्या सार्वजनिक मुतारीत जायचे, अशी घरे आपल्या सुशिक्षित वस्त्यांत आहेत. वेगळा कप आणि वेगळे ताटही आहेत. त्याचे कारण आपण सगळे जाणतो. जेवायला अर्धा तास आणि बसायला खुर्ची, हेही लिहा. दागिने व रोकड कपाटात कुलपात राहतील, आणि काही हरवले तर झडती घरच्यांनी घ्यायची नाही, चालकाला बोलवायचे. म्हाताऱ्या पुरुषाने अंगचटपणा केला तर ब्यूरो सहसा बाई बदलतो आणि त्याच घरी दुसरी पाठवतो. हे पाप आहे. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात खासगी घर हेही कामाचे ठिकाण मानले आहे, दहा माणसे असलेल्या मालकाला तक्रार समिती नेमावीच लागते, आणि त्याहून लहान असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. अशा घरी पुरुष सेवक पाठवावा, नाहीतर ते घर सोडावे.

भांडवल किती लागेल? यंत्र नाही, माल नाही, म्हणून लोकांना वाटते की काहीच लागत नाही. लागते ते पगाराचे भांडवल. मुलगा परदेशातून पैसे पाठवणार महिन्याच्या वीस तारखेला, आणि पगार सातच्या आत झाला पाहिजे. दहा बायकांचा सव्वीस दिवसांचा पगार १,५६,००० होतो. दोन महिन्यांचा, म्हणजे ३,१२,००० रुपये तरी हाताशी नसतील तर हा धंदा काढू नये. कारण मग पहिल्याच अडचणीत तुम्ही बाईचा पगार अडकवाल, आणि तिथून ब्यूरो सुरू होतो. बाकी कागद थोडे आहेत: आस्थापना कायद्याखाली माणसांच्या संख्येप्रमाणे नुसती सूचना किंवा नोंदणी, बायकांची पोलीस पडताळणी, आणि उलाढाल वर्षाला वीस लाखांवर गेली की वस्तू व सेवा कराची नोंदणी. आपल्या सेवेवर कर किती, ते सनदी लेखापालाला आधीच विचारून दर सांगावेत. कामावर बाईचा पाय मोडला किंवा पाठीत लचक भरली तर भरपाईचे कलम जुन्या १९२३ च्या कायद्यातून आता सामाजिक सुरक्षा संहितेत आले आहे. ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे.

एक शेवटची बाब राहिली, जिचा विचार कोणत्याही ब्यूरोच्या छापील कागदावर मला आढळला नाही. या धंद्यातले काम बहुतेक वेळा पेशंटच्या मृत्यूने संपते. बाईने दोन-दोन वर्षे ज्या देहाची निगा राखली तो देह उचलला जातो, नातेवाईक जमतात, आणि संध्याकाळी तिला फोन येतो की उद्यापासून ड्यूटी नाही. त्या दिवशीचा पगारही पुष्कळदा बुडतो, कारण माणूस सकाळीच गेलेला असतो. अशा वेळी त्या दिवसाची पूर्ण मजुरी, पुढचे आठ दिवस भरपगारी, आणि त्यानंतर दुसरे घर, अशी रीत ठेवावी. आठ दिवसांचे ४,८०० रुपये घरच्यांच्या डिपॉझिटमधून वळते करून घ्यावेत, आणि ते कलम करारात पहिल्याच दिवशी वाचून दाखवून त्यावर सही घ्यावी. कारण प्रत्यक्ष त्या दिवशी हा विषय काढायला ना चालक धजत, ना बाई.